गाणी भाड्याने ऐकायची की स्वतःच्या डिस्कवर ठेवायची? ठरवत असाल तर वाचा

स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन चालू ठेवू की बंद करून स्वतःच्या फाइल्स जमवू, असं गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला विचारलं आणि प्रत्येकाला मी वेगळंच उत्तर दिलं हे नंतर लक्षात आलं, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढावं. मी दोन्ही वापरतो. फुकट शेअरिंगचा जमानाही अंगावरून गेलाय, त्यामुळे त्या तिसऱ्या वाटेबद्दलही बोलणार आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

आधीच सांगतो, बहुतेक लोक ही तुलना आवाजाच्या क्वालिटीवरून सुरू करतात. आवाजात फरक आहे, पण बारीक आहे. मी आधी बघतो की गाणं उडवायचं बटण कोणाच्या हातात आहे, आणि मग बघतो माझा स्वतःचा आळस, कारण फाइल्स सांभाळणं हे काम आहे, नुसता छंद म्हणून होत नाही ते.

बटणाचं आधी. माझी एक जुनी प्लेलिस्ट आहे, दोनशेच्या वर गाण्यांची, वर्षभर उघडली नव्हती. परवा उघडली तर मधेमधे राखाडी ओळी. नाव दिसतंय, बोट लावलं की काहीच होत नाही. मोजली तर सतरा गाणी गेलेली, त्यात तीन अशी की ज्यांच्यासाठी मी मुळात ती प्लेलिस्ट केली होती. ना मेसेज, ना कारण. आणि खरं सांगायचं तर त्यात बेकायदा काहीच नाही, आपण पैसे भरतो ते ऐकायच्या परवानगीचे, ती परवानगी कंपनीला लेबलकडून, म्हणजे गाणी काढणाऱ्या म्युझिक कंपनीकडून, ठरावीक मुदतीची मिळालेली असते, मुदत संपली किंवा दोघांचं फाटलं की गाणं जातं. कधी गायकच काढून घेतो. नील यंग या गायकाने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून स्वतःची गाणी काढायला लावली आणि मार्च २०२४ मध्ये परत आणली, त्याची कारणं त्याच्यापाशी, पण मधली दोन वर्षं तिथल्या ऐकणाऱ्यांनी काय करायचं? आणि ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी आपली झाली असं कोणी समजत असेल तर ती अॅपच्या कुलुपातच असतात, स्पॉटिफायला तर ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं, नाहीतर तीही वाजत नाहीत.

आता फाइलवाले लगेच खूश होतील, पण थांबा. विकत घेतलेली फाइल म्हणजे आपली, हे सुद्धा नेहमी खरं नव्हतं. २००३-०४ च्या सुमाराची ऑनलाइन दुकानं गाणी विकायची ती डीआरएमचं कुलूप लावून, म्हणजे दुकानाने परवानगी दिलेल्या कॉम्प्युटरवरच ती वाजायची. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने २००८ मध्ये जाहीर केलं की आता चावी देणारे सर्व्हर बंद करतोय, म्हणजे नवीन कॉम्प्युटर घेतला की तुमची रीतसर पैसे मोजलेली गाणी तिथे उघडणार नाहीत. लोकांनी बोंब मारली तेव्हा मुदत वाढवून दिली. ज्यांनी चोरून डाउनलोड केली होती त्यांची मात्र मजेत वाजत होती, प्रामाणिक गिऱ्हाइकालाच शिक्षा. त्याच्याही आधी २००५ मध्ये सोनी बीएमजीने कॉपी होऊ नये म्हणून ऑडिओ सीड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं की ते विंडोजमध्ये लपून बसायचं आणि त्याच्या आडोशाने व्हायरस शिरायचे, सीड्या परत मागवाव्या लागल्या, कोर्टबाजी झाली. भीक नको पण कुत्रा आवर! अॅपलच्या आयट्यून्स दुकानाने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं आणि मग हा प्रकार बराच थांबला. त्यामुळे आज फाइल विकत घेताना एवढंच बघा की डीआरएम नाही ना, फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावणारा फॉरमॅट) किंवा एमपी३ (थोडं गमावून फाइल लहान करणारा) सरळ हातात मिळतंय ना.

आणि हातात आलेली फाइल मरते कशी तेही सांगतो. माझी एक बाहेरची हार्ड डिस्क होती, तिच्यावर आठ-नऊ वर्षांचं जमवलेलं. एक दिवस लावली तर आतून टिक... टिक... टिक, घड्याळासारखं, आणि स्क्रीनवर ड्राइव्ह दिसेचना. बॅकअप होता, पण दोन वर्षं जुना. त्या दोन वर्षांत काय काय घेतलं होतं ते आठवायला मला ईमेलमधल्या पावत्या उपसाव्या लागल्या. राखाडी ओळीवर चिडणारा मी, इथे चिडायला समोर कोणी नव्हतं. त्यामुळे फाइल्सचं ठरवत असाल तर तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हे जमणार असेल तरच. नाहीतर सरळ भाड्याने ऐका, त्यात कमीपणा काही नाही.

क्लाउड म्हणजे फक्त आपण अपलोड करून विसरलेली साइट असं मात्र नको हं. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने २०१९ मध्ये मान्य केलं की सर्व्हर हलवताना २०१५ च्या आधीचं अपलोड केलेलं संगीत गेलं, पाच कोटींच्या वर गाणी. कित्येक छोट्या बँडांची तेवढीच प्रत होती.

आता शेअरिंग. एखाद्याला गाणं पाठवायचं तर स्ट्रीमिंगमध्ये आपण लिंक पाठवतो, म्हणजे पत्ता सांगतो, त्याच्याकडे तेच अॅप असेल, त्याच्या देशात ते गाणं चालू असेल तर तो जाऊन ऐकणार. फाइल दिली की वस्तूच दिली. लिंक सोयीची आहे, एका सेकंदात जाते, पण दहा वर्षांपूर्वी मित्राने दिलेली फाइल आजही माझ्याकडे वाजते आणि दहा वर्षांपूर्वीच्या लिंकांपैकी अर्ध्या मेल्यात. अडचण अशी की वस्तू देणं कायद्याला आवडत नाही. १९९९ मध्ये नॅपस्टर नावाचं, एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी उतरवायचं सॉफ्टवेअर आलं आणि कॉलेजांची नेटवर्कं तुंबेपर्यंत लोकांनी गाणी वाटली, २००१ मध्ये कोर्टापायी ते बंद पडलं, मग त्याच धर्तीचे काझा, लाइमवायर, टोरंट. २००५ मध्ये ग्रोकस्टर या तसल्याच सॉफ्टवेअरच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चोरीला उत्तेजन देऊन सॉफ्टवेअर चालवाल तर जबाबदारी तुमची. त्या काळात आम्ही सगळे फार मोठ्या मनाचे होतो, अख्खा अल्बम अनोळखी माणसाला देऊन टाकायचो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, गाणं त्या गायकाचं आणि दानशूर आपण.

टोरंटबद्दल एक गोष्ट कित्येकांना अजून माहीत नसते, ती म्हणजे आपण उतरवत असतानाच मिळालेले तुकडे दुसऱ्यांना चढवतही असतो, ते तंत्र तसंच बनवलंय, आणि तेव्हा आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, त्या घोळक्यातल्या सगळ्यांना दिसतो. म्हणजे 'मी फक्त डाउनलोड केलं' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बहुतेक वेळा खोटं असतं. शिवाय मालाची खात्री नाही. कोणीतरी १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती किलोबिट माहिती, त्याचं माप) हलकी एमपी३ घेऊन तिचं फ्लॅक करतो आणि 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गमावलेलं, म्हणून टाकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकदा फेकून दिलेली माहिती फॉरमॅट बदलून परत येत नाही, फाइल मात्र पाच-सहा पट फुगते. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचं चित्र, काढून बघितला की १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते, तिथे कळतं. मी हा पर्याय आता सुचवत नाही, आणि नैतिकता बाजूला ठेवली तरी वेळ फार खातो. अर्थात सगळं शेअरिंग चोरी नसतं हेही धरा, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे वाटायची परवानगी आधीच देऊन ठेवलेलं संगीत आहे, बँडने परवानगी दिलेली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज इंटरनेट आर्काइव्हवर ढिगाने आहेत, ती खुशाल उतरवा आणि वाटा.

आवाजाचं पटकन उरकतो. सीडीचा दर १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला दहा एमबीच्या वर. फ्लॅक तेच सगळं साधारण अर्ध्या-पाऊण जागेत ठेवतं, काहीही न गमावता. ३२० ची एमपी३ मिनिटाला अडीच एमबीच्या आत. मी स्वतः डोळे मिटून, कोणती कुठली ते न बघता ऐकून बघितलंय, ३२० आणि फ्लॅकमधला फरक मला दहात पाच-सहा वेळाच ओळखता आला, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि साध्या ब्लूटूथ इअरफोनवर ऐकत असाल तर ते गाणं हवेतून जाताना पुन्हा दाबलं जातंच, मग लॉसलेस प्लॅन घेऊन काय उपयोग. फ्लॅक मी ठेवतो ते वेगळ्या कारणासाठी, त्यातून उद्या कुठलाही नवा फॉरमॅट स्वच्छ बनवता येतो. जागेची चिंता तर आता उरलीच नाही, एका टीबीत फ्लॅकमधली तीसेक हजार गाणी मावतात, रात्रंदिवस लावून ठेवली तरी ८० दिवस संपणार नाहीत. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबी होते आणि हजार गाणी खिशात म्हणून जग वेडं झालं होतं.

पैशाचा मुद्दा मला जास्त खुपतो. समजा महिनाभर तुम्ही एकाच अनोळखी गिटारवाल्याला ऐकलंत, दुसरं काही लावलंच नाही. तरी तुमचं सबस्क्रिप्शन त्याला जात नाही. बहुतेक कंपन्या सगळ्यांचे पैसे एका मडक्यात टाकतात, आपला वाटा काढतात आणि उरलेले एकूण प्लेच्या प्रमाणात वाटतात, म्हणजे तुमच्या पैशातला मोठा भाग तुम्ही कधी न ऐकलेल्या सुपरस्टारकडे. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजार प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग कंपनीने २०२१ मध्ये ज्याचे पैसे त्याच्याच आवडत्या कलाकारांना अशी पद्धत आणली, बरी आहे. उलट बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट गाणी घ्यायच्या साइटवर अल्बम घेतला तर ते डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतात, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे. तेव्हा कोणाला जगवायचं मनात असेल तर त्याचा एक अल्बम विकत घ्या, त्याला वर्षभर लूपवर लावून ठेवण्यापेक्षा हे त्याच्या जास्त कामाचं.

आणि आता एआय. सुनो, उडिओसारख्या टूल्सवर चार ओळी टाइप केल्या की अख्खं गाणं तयार, गायकासकट. मोठ्या लेबलांनी जून २०२४ मध्ये दोघांवर खटले भरले, आमच्या गाण्यांवर मशीन शिकवलीत म्हणून. ऐकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर स्ट्रीमिंगच्या आपोआप चालणाऱ्या याद्यांमध्ये हा माल शिरतोय, मंद पियानो, अभ्यासाचं संगीत वगैरे सदरात तर कोण बघतंय कोणी वाजवलंय. डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने २०२५ मध्ये अशा अल्बमांवर 'एआय'ची खूण लावायला सुरुवात केली, पण सगळीकडे तसं नाही. स्वतःच्या लायब्ररीत मी न घातलेलं काही आपोआप येत नाही, ही जमेची बाजू. पण तोटाही तोच! नवीन काही कानावर पडतच नाही. नवीन गाणी शोधायला स्ट्रीमिंगला तोड नाही हे मी फाइलवाला असून मान्य करतो.

आता आळसाकडे येतो. फाइल्स आणल्या की त्यांची नावं 'ट्रॅक ०१', गायक 'अननोन', एकाच गायिकेची तीन स्पेलिंगं म्हणून तीन वेगळ्या गायिका. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते गाण्याचा ठसा घेऊन नाव ओळखतं, पण कमी प्रसिद्ध गाण्यांना ओळखत नाही, मग बसा हे टॅग, म्हणजे गाण्याची नावं-गावं, हाताने भरत. मग घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन हे सॉफ्टवेअर टाकलं की फोनवरून आपलीच गाणी स्ट्रीम होतात, स्वतःचं छोटं स्पॉटिफायच. मला पहिल्यांदा बसवायला दोन संध्याकाळी लागल्या, एक बसवण्यात आणि एक आपण पोर्ट चुकीचा टाकलाय हे कळण्यात.

तर कोणी काय घ्यावं? बॅकग्राउंडला काहीतरी चालू हवं, रोज नवीन हवं, टॅग म्हटलं की जांभई येते, त्यांनी स्ट्रीमिंग, डोळे झाकून. ज्यांची ठरलेली तीन-चारशे गाणी आहेत आणि वर्षानुवर्षं तीच फिरून ऐकतात त्यांनी कुलूप नसलेल्या फाइल्स घ्याव्यात, एवढ्याशा लायब्ररीला सांभाळणं जड नाही आणि भाडं भरत बसण्यात अर्थ नाही. माझ्यासारखे मधले असाल तर शोधायला स्ट्रीमिंग ठेवा आणि जे गाणं तीन महिन्यांनंतरही लावावंसं वाटतं ते विकत घेऊन टाका, मी तरी आता असंच करतो.

आणि निर्णय काहीही घ्या, आज एक काम करा, प्लेलिस्ट एक्सपोर्ट करून गाण्यांच्या नावांची साधी टेक्स्ट फाइल काढून ठेवा, गाणं, गायक, अल्बम एवढंच. माझ्या त्या सतरा गाण्यांमधली चौदा परत सापडली ती नावं दिसत होती म्हणून. काही ठिकाणी गाणं गेलं की ओळही जाते, मग काय गेलं तेच कळत नाही.