अमेरिकेत नव्या वैमानिकाला 'अल्पा'ची मेंबरशिप: वर्गणी वसूल होते का?

डेल्टा किंवा युनायटेडमध्ये रुजू झालात की 1931 सालापासूनची 'अल्पा' (एअर लाइन पायलट्स असोसिएशन, वैमानिकांची युनियन) समोर उभीच. (अमेरिकन एअरलाइन्सची वेगळी.) कंपनी-युनियन करारात युनियन-शॉपचं (म्हणजे वर्गणी सक्तीची करणारं) कलम असेल तर विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर अ‍ॅक्टनुसार 60 दिवसांनंतर वर्गणी सक्तीची करता येते, टेक्साससारख्या राज्याचा राइट-टू-वर्क कायदाही (अशी सक्ती रोखणारा) इथे कामाचा नाही.

खरी गोम प्रोबेशनची, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीच्या काळाची. साधारण पहिल्या वर्षात कंपनीने काढलं तर बहुतेक करारांत ग्रीव्हन्स (युनियनमार्फत औपचारिक तक्रार) लावता येत नाही. म्हणून चेकराइड (उड्डाणाची परीक्षा) बिघडली, चीफ पायलटने बोलावलं, तर लेखी खुलासा एकट्याने देऊ नका. आधी युनियन प्रतिनिधीला फोन. मेडिकल (उड्डाणासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) अडकलं तर 'अल्पा'चे डॉक्टर एफएएकडे (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) कोणते कागद लावायचे ते सांगतात. माझ्या मते वर्गणी इथेच वसूल!

सीनिऑरिटी (रुजू होण्याच्या क्रमाने मिळणारा ज्येष्ठता-नंबर) मात्र युनियनही वाढवून देत नाही. एकाच कंपनीत दोन क्लास-डेट (प्रशिक्षण वर्ग सुरू होण्याच्या तारखा) मिळत असतील तर आधीचीच घ्या. बेस (ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ), विमान, सुट्ट्या, सगळं त्याच नंबरावर.