सुपरमार्केटचा क्वाएट अवर: चार स्टार, एक वेळेसाठी कापला

आम्ही ऑकलंडला राहतो, मुलगा 7 वर्षांचा, ऑटिझम आहे. सुपरमार्केट म्हणजे आमच्याकडे पाच मिनिटांत कानावर हात आणि दहाव्या मिनिटाला जमिनीवर लोळण. त्यामुळे घराजवळच्या दुकानात आठवड्यातून एकदा क्वाएट अवर असतो कळलं तेव्हा वाटलं, नुसता बोर्ड लावला असेल. पण नाही, खरंच लाईट मंद करतात, गाणी बंद, अनाउन्समेंट बंद, बिलिंगचं टीं टीं कमी, रॅकमधे माल भरणं आणि ट्रॉल्यांचा खडखडाट पण तेवढा वेळ थांबवतात. पहिल्यांदाच यादीतलं सगळं घेऊन बाहेर आलो, कोथिंबिरीसकट!

प्रॉब्लेम वेळेचा. दुपारी अडीच ते साडेतीन, आणि शाळा सुटते 3 ला. पोचेपर्यंत उरतात पंधरा मिनिटं. ठरवणाऱ्याने शाळेत जाणारी मुलं धरलीच नाहीत बहुतेक.

स्टाफ छान. काउंटरवरच्या एका माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) मावशींनी मला ताकिवातांगा हा शब्द सांगितला. केरी ओपाय यांनी मानसिक आरोग्य आणि अपंगत्वाच्या माओरी शब्दांचा कोश केला, 2017 ला आला, त्यात ऑटिझमसाठी हा शब्द आहे, अर्थ साधारण 'त्याच्या स्वतःच्या वेळेत आणि जागेत'. मी तिथेच पिशवी धरून उभी राहिले. ऑटिझमसाठी आपला मराठी शब्द 'स्वमग्नता' चुकीचा नाही, ऑटिझम ज्यावरून आला तो ग्रीक ऑटोस म्हणजे स्वतःच, पण मग्न म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं पोरगा गुंगलाय, दोन हाका मारल्या की येईल भानावर. सासूबाई अजून व्हिडिओ कॉलवर मीठमोहऱ्या ओवाळतात आणि 'याचा बाप पण उशिराच बोलला' हे ठरलेलं.

पण म्हणून इथलं सगळं भारी असंही नाही हां. पुण्याला गेलो की कोपऱ्यावरचे किराणावाले काका त्याला आत घेतात, तराजूवर मापं ठेवू देतात, एक किलो, दोन किलो, अर्धा तास पोरगा गार. त्यांना ऑटिझम हा शब्द माहीत नाही, मी सांगितलाही नाही. बाकीची गिऱ्हाईकं 'मोबाईल फार देता का' तोंडावर विचारतात तो भाग वेगळा. इथे कोणी टक लावून बघत नाही, सल्ला देत नाही, आणि दोन वर्षांत त्या मावशी सोडून कोणी त्याचं नावही विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: सेल्फ चेकआउटला जाऊ नका, त्या मशीनमधली बाई क्वाएट अवरला पण बोलतेच. फळांजवळ मुलांसाठी फुकट केळी ठेवलेली असतात, ती आधी हातात द्या. आणि काही झालं तरी साडेतीनच्या दोन मिनिटं आधी दाराबाहेर असा, लाईट सगळे एकदम लागतात.