किल्ली माझ्याकडे होती, गॅरेज कुणाचं होतं?

नाशिकला गंगापूर रोडवर आमची मेस होती. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलं गावी गेली आणि मेस बंद पडली ती पडलीच. पुढे मी घरगुती ऑर्डरी घ्यायला लागले. मुंजी, डोहाळजेवणं, वास्तुशांती, फार तर दीडशे पानं. पण दीडशे पानांची भांडी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे? बाल्कनीत पातेल्यांची उतरंड, पलंगाखाली पराती. सुनेने एकदा पहाटे अंधारात झाऱ्यावर पाय दिला, तेव्हा ठरवलं, आता बाहेर जागा बघायची.

किराणावाल्याने इंदिरानगरातला एक बंगला सांगितला. मालक पुण्याला मुलाकडे, आणि वरच्या मजल्यावर त्यांचा पुतण्या, घर सांभाळायला. खाली शटरचं गॅरेज, कोरडं, आत एक बल्ब. भाडं महिना ३,००० आणि डिपॉझिट १५,०००. मी विचारलं, कागद करायचा का? पुतण्या हसला. "काकू, गॅरेजचं कसलं ॲग्रीमेंट? आणि तुम्ही काय परक्या आहात?" आमची ती पहिलीच भेट होती. इतक्या लवकर मी घरची कशी झाले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण खरं सांगते, एजंटचे पैसे वाचले म्हणून मलाही बरंच वाटलं. २०२३ च्या दसऱ्याला मी टेम्पोभर भांडी तिथे नेली. डिपॉझिट मोबाईलवरून पाठवलं. भाडं मात्र रोख, कारण "काकांना टॅक्सचं झंझट नको." पावती अर्थातच नाही.

एक गोष्ट आठवली की अजून स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते. महावितरणचं बिल गेटच्या जाळीत खोचलेलं असायचं. त्यावरचं आडनाव पुतण्याच्या आडनावाहून वेगळं. मी ते बिल दोनदा माझ्या हाताने काढून त्याला नेऊन दिलं! मनात म्हटलं, काका आईकडचे असतील. सख्ख्या पुतण्याचं आणि काकाचं आडनाव एकच असतं, एवढं साधं गणित मी सोडून दिलं.

सव्वा वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग जानेवारीत, द्राक्षाचा हंगाम सुरू झाला तेव्हा, गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या क्रेटची थप्पी दिसली. माझी भांडी मागे सरकवलेली. "मित्राचे आहेत काकू, फुकट ठेवलेत, आठ दिवसांत नेतो." आठ दिवसांचे तीन महिने झाले. नंतर कळलं की त्या क्रेटवाल्यालाही माझी भांडी म्हणजे "मित्राच्या आईची, फुकट ठेवलेली" असंच सांगितलं होतं, आणि त्याच्याकडून २०,००० डिपॉझिट घेतलं होतं.

एप्रिलच्या शेवटी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर वास्तुशांतीची १२० पानांची ऑर्डर होती. आदल्या दिवशी सकाळी सहाला छोटा हत्ती घेऊन पोचले, तर शटरला नवं पितळी कुलूप. माझी किल्ली आत शिरेना. फोन बंद. वर बेल वाजवली, कोणी नाही. शेवटी भांडीवाल्याकडून ४,२०० रुपये भाड्याने भांडी आणून ऑर्डर पार पाडली. पुरणपोळ्या लाटताना हात चालत होते, डोकं त्या कुलपापाशी.

तिसऱ्या दिवशी साहेब फोनवर. म्हणे, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून भाडं ४,००० केलंय, तोंडी सांगितलं होतं, आठ महिन्यांचे ८,००० बाकी आहेत; भरा, उघडतो. मी हुज्जत घातली, रडले, आणि ५,००० दिले. हे माझं सगळ्यात मोठं चुकलं. पैसे घेऊन त्याने शटर वर केलं तेव्हा आत निम्मीच भांडी होती. तांब्याचे दोन हंडे, पितळी परात, जर्मनची चार मोठी पातेली, शेगडी, साठेक ताटं गायब. "तुम्ही एवढंच ठेवलं होतं काकू." काकू तेव्हाही म्हणाला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, आत काय काय होतं याची यादी आहे का? नव्हती. दुसरा, तुमचंच कशावरून? तिसरा, पैसे कशाचे दिले? मी मोबाईलवरचे १५,००० दाखवले. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की मी त्याचे उसने पैसे परत केले. पाठवताना खाली रिमार्कच्या जागी 'गॅरेज डिपॉझिट' एवढे दोन शब्द टाकले असते, तर त्याची ही गोष्ट उभीच राहिली नसती. जमादार म्हणाले, ही दिवाणी बाब दिसते, आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. त्यांचंही फार चुकलं असं मला वाटत नाही; माझ्या हातात एक न लागणारी किल्ली सोडून काहीच नव्हतं.

पुराव्याला कामी आलं ते दुसरंच. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. सासूबाईंच्या लग्नातल्या परातीच्या काठावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं माहेरचं नाव घातलेलं आहे. एका मुंजीच्या वेळी सुनेने व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेल्या फोटोत श्रीखंडाखाली ती परात, आणि मागे दोन्ही हंडे दिसत होते. तो फोटो तक्रारीला जोडला.

वकीलबाईंकडे गेले तेव्हा मला नवीच माहिती मिळाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या कायद्यातल्या जागेच्या व्याख्येत गॅरेजसुद्धा येतं. आणि भाडं थकलं म्हणून कोणी आपणच कुलूप ठोकून सामान अडकवू शकत नाही. मी खूश झाले. बाई म्हणाल्या, "थांबा. हे सगळं मालकाविरुद्ध. तुमचा मालक कुठाय?"

समोरच्या आजींकडून पुण्याचा नंबर मिळाला. फोन मालकीणबाईंनी घेतला. पुतण्या? त्यांना पुतण्याच नाही. वरचा माणूस अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू, करारात गॅरेज नाही. "गॅरेजला तर आमचं कुलूप आहे. यांची स्कूटर आहे त्यात," त्या म्हणाल्या. मी थोडा वेळ काही बोलले नाही. दसऱ्याला मी पहिल्यांदा शटर वर केलं तेव्हा गॅरेज रिकामं होतं.

त्या नाशिकला आल्या, त्यांनी स्कूटरची तक्रार दिली, क्रेटवाल्यानेही दिली, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे आपलं जुनं चारशे वीस. तोवर तो माणूस त्यांचंही दोन महिन्यांचं भाडं बुडवून निघून गेला होता. अजून सापडलेला नाही.

करार नोंदवायला किती लागले असते, तेही विचारून आले. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, माझ्या हिशेबाने शंभराच्या आतबाहेर, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. त्याहून महत्त्वाचं, करार करायला बसलो असतो तर घरपट्टीची पावती किंवा मिळकत पत्रिका मागावी लागली असती, आणि तिथेच तो उठून गेला असता. आता भांडी ठेवलीत ती जागा घेताना मी आधी घरपट्टी बघितली, भांडी आत लावून झाल्यावर मालकाला मध्ये उभं करून व्हिडिओ काढला आणि यादीवर दोघांच्या सह्या घेतल्या. मालक जरा नाराज झाले. होऊ देत.

श्रावणात एकदा भांडी बाजारात गेले होते. एका दुकानाच्या दारात मोडीत आलेल्या भांड्यांचा ढीग होता. त्यात ती परात दिसली. काठावरचं नाव कुणीतरी कानशीने घासलं होतं, पण शेवटची दोन अक्षरं राहिली होती. जमादारांना फोन केला. ते म्हणाले, पंचनामा करतो, पण परात मुद्देमालात जाईल, कोर्टाच्या हुकुमाशिवाय परत मिळणार नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. मी फोटो काढून जमादारांना पाठवला आणि दुकानदाराला भाव विचारला. त्याने तराजूत टाकली, अडीच किलो भरली. मोडीचा भाव लावा म्हटलं, तर म्हणाला, "ताई, मोडीचा भाव आम्ही घेताना. देताना दुकानाचा."

पैसे मोजले, आणि बिल करून द्या म्हटलं.