कमी वॅटच्या पीसीला एसएमपीएस कोणता: लोकल, ब्राँझ, गोल्ड, फॅनलेस का पिको?

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा. ग्राफिक्स कार्ड नाही, रायझन ५६००जी नाहीतर आय३-१२१०० सारखा प्रोसेसर, एक एसएसडी, बस. असा पीसी नुसता चालू असला की ३० वॅटच्या आसपास ओढतो, पूर्ण पिळला तरी शे-सव्वाशे. तरीपण दुकानात गेलं की ६५० वॅटचा घ्या म्हणायलेत, पुढं कामाला येईल म्हणे. काय कामाला येणार? ब्राँझ, गोल्ड आणि सगळ्यात वरचा टायटॅनियम हे एसएमपीएस किती कमी वीज वाया घालवतो याचे दर्जे, त्या स्टिकरची टेस्ट २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, १० टक्क्यांची अट घरच्या मॉडेलांत फक्त टायटॅनियमला आहे. ६५० चे २० टक्के म्हणजे १३० वॅट, आणि तुमचा पीसी दिवसभर ३० वर बसून, म्हणजे तुम्ही ज्या आकड्याचे पैसे दिले तिथं तो कधी पोचतच नाही. म्हणून ४५० च्या वर जाऊच नका, ४०० चा चांगला मिळाला तर अजून बरं.

आता बिलाचा हिशोब. ३० वॅटच्या लोडवर लोकल, म्हणजे बिनकंपनीचा, एसएमपीएस समजा घेतलेल्या विजेतली ६५ टक्के पीसीला देतो, तर भिंतीतून ४६ वॅट जातात. ब्राँझ ७७ धरला तर ३९, गोल्ड ८४ धरला तर ३६. रोज १० तास पीसी चालवला तर ब्राँझ आणि गोल्डमध्ये वर्षाला ११ युनिटचा फरक, युनिट १० रुपयाला धरलं तरी ११० रुपये. गोल्डचे जास्तीचे पैसे बिलातून वसूल होत नाहीत बगा, कुणी कितीही सांगू द्या.

मग गोल्ड घ्यायचाच कशाला, तर आवाजासाठी. बऱ्याच गोल्ड मॉडेलला लोड कमी असला की फॅन बंद ठेवायची सोय असते, कोर्सेअरच्या एसएफ सीरीजला आहे, आणि ३० वॅटवर तो फॅन थंडीत फिरतच नाही. मे महिन्यात परभणीत ४३ डिग्रीला मात्र कधीमधी फिरणारच, तो फिरू द्यावा. तसंही तेव्हा खोलीत कुलर घरघरत असतो, एसएमपीएसचा फॅन कुणाला ऐकू येतो? रात्री अभ्यास नाहीतर रेकॉर्डिंग करणाऱ्याला खरा फायदा.

पण आपल्याकडं स्टिकरच्या रंगापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलवर इनपुट वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं पाहिजे, यालाच फुल रेंज म्हणतात. सारख्याच दिसणाऱ्या काही मॉडेलवर २००-२४० असतं आणि तिथंच घोळ होतो, कारण उन्हाळ्यात रात्री सगळ्या गल्लीचे कुलर चालू झाले की होल्टेज १७०-१८० वर येतं आणि पीसी रिस्टार्ट मारतो, माणूस बिचारा रॅम पुसत बसतो. फुल रेंजवाला ब्राँझ हा २००-२४० वाल्या गोल्डपेक्षा कधीही बरा.

दुसरं इन्व्हर्टर. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनीतून वीज नीट ओढायला लावणारं सर्किट) असतो, त्याला साइन वेव्ह, म्हणजे लाईनीसारखी गुळगुळीत लहर, आवडते. घरात जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर काही एसएमपीएस गुणगुणतात, काही लाईट गेली की सरळ बंद पडतात. इन्व्हर्टरवरचा स्विच यूपीएस मोडला ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो. लाईट गेल्यावर एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काही मिलिसेकंद तग धरतो, लोड कमी असला तर जास्तच धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरनी उचललं पाहिजे. लोकलवाल्यात हा कपॅसिटरच बारीक टाकलेला असतो. लोकलचं एवढंच, पुढं बोलण्यासारखं काही नाही.

फॅनलेस मला मराठवाड्यात पटत नाही. वस्तू एक नंबर असते, सीसॉनिकचे बघा, पण कपॅसिटरचं आयुष्य गरमीवर असतं, १० डिग्री वाढली की अर्धं होतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि पत्र्याच्या खोलीत वारंच नसलेल्या कॅबिनेटमध्ये तो ठेवायचा म्हणजे महागाची वस्तू उन्हात वाळत घालणं. एसीची खोली असेल तर खुशाल घ्या.

राहिला पिको. मदरबोर्डच्या २४ पिनमध्ये बसणारा छोटा बोर्ड आणि बाहेर १२ व्होल्टचा अडॅप्टर, फॅनच नाही. अडॅप्टर ८८ टक्के, बोर्ड ९५, दोन्ही गुणले की ८३-८४, म्हणजे गोल्डच्या बरोबरीलाच. डबा छोटा करायचा असेल, भिंतीला टीव्हीमागं लावायचा असेल तरच याच्या नादी लागा. उद्या ग्राफिक्स कार्ड टाकता येणार नाही, आणि अडॅप्टर बाजारातला कुठलाही चालत नाही, खरा १२ व्होल्ट १० अँपिअर देणारा लागतो.

माझं विचाराल तर घरी-दुकानात वापरायला फुल रेंजचा ४५० वॅट ब्राँझ, आणि रात्री शांतता पाहिजे असली तर तसाच गोल्ड.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट पिकोला देऊ का असंही काहीजण विचारायलेत. साध्या पिकोला देऊ नका, चार्जिंगला बॅटरी १४ च्या वर जाते आणि पिको ते १२ व्होल्ट तसंच पुढं मदरबोर्डला सोडतो. त्यासाठी एम४-एटीएक्स सारखा ६ ते ३० व्होल्ट घेणारा बोर्ड येतो, तो घ्या, आणि वायरीत बॅटरीजवळच फ्यूज टाका.