भोसरीतील सुरक्षा प्रशिक्षण वर्ग: प्रेसपाशी उभे राहून शिकवलेली मूलतत्त्वे

भोसरी औद्योगिक वसाहतीतील एक खासगी प्रशिक्षण संस्था कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य या विषयाचा दोन दिवसांचा प्राथमिक वर्ग घेते. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या लहान कारखान्यांतील ऑपरेटर, हेल्पर आणि सुपरवायझर यांच्यासाठी तो आखलेला आहे. आमच्या प्रेस शॉपमधील, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील, सहकाऱ्यांसह मी तो नुकताच पूर्ण केला. उत्पादन थांबवून माणसे प्रशिक्षणाला पाठवावीत का, हा लहान कारखानदारांपुढचा खरा प्रश्न असतो. त्यांना निर्णय घेताना उपयोग व्हावा म्हणून वर्गात काय चांगले आहे आणि काय कमी पडते, ते येथे नोंदवत आहे.

या वर्गाचे खरे बळ पॉवर प्रेसवरील सत्रात आहे. प्रेसवर बोट गमावलेला माणूस आमच्या पट्ट्यात कोणाच्या ना कोणाच्या ओळखीत असतोच, त्यामुळे या सत्राला संपूर्ण दुपार दिली हे योग्यच झाले. प्रशिक्षक स्वतः अनेक वर्षे मेंटेनन्समध्ये काम केलेले आहेत आणि ते पडद्यावरच्या चित्रांपेक्षा यंत्रावर अधिक विसंबतात. मोटर बंद केल्यानंतरही फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) बराच वेळ फिरत राहते आणि तेवढ्या काळात क्लच (चाकाची ताकद रॅमला जोडणारा भाग) लागला तर रॅम (वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) पूर्ण ताकदीने खाली येतो, ही गोष्ट त्यांनी रिकाम्या प्रेसवर प्रत्यक्ष करून दाखवली. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, फ्लायव्हील थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मगच रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (तो खाली येऊ न देणारा ठोकळा) ठेवून हात आत घालायचा, हा क्रम त्यानंतर कोणालाही पाठ करावा लागला नाही, कारण त्यातील प्रत्येक पायरीमागचे कारण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते.

प्रेस चालवण्यासाठी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायच्या, म्हणजे दोन हातांच्या बटणांबद्दलचे विवेचनही तितकेच मोलाचे होते. एक बटण पट्टीने दाबून ठेवून दुसऱ्या हाताने माल भरण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. दोन्ही बटणे सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक (रॅमची खाली-वर एक फेरी) मिळू नये अशी जोडणी असेल तर ही पळवाट बंद होते, हे प्रशिक्षकांनी कंट्रोल पॅनेल उघडून समजावले. मात्र ही बटणे केवळ ती दाबणाऱ्याचेच हात वाचवतात, शेजारी उभ्या असलेल्या हेल्परचे नव्हे, हेही त्यांनी तेवढ्याच ठामपणे सांगितले. लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, याविषयीचा मुद्दा तर खरेदी करणाऱ्या प्रत्येक मालकाने ऐकावा असा आहे. हवेवर चालणारा क्लच आणि ब्रेक असलेली प्रेस अर्ध्या स्ट्रोकमध्ये थांबू शकते, म्हणून तिथे लाइट कर्टन उपयोगी पडतो. पण जुन्या पिन क्लच प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, त्यामुळे तिथे लाइट कर्टन बसवणे म्हणजे खोटा दिलासा विकत घेणे होय. अशा प्रेससाठी बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड आणि माल ठेवण्या-काढण्यासाठी चिमटा हाच मार्ग उरतो. कामगाराला बेफिकीर ठरवण्याआधी यंत्राकडे पाहण्याची ही शिस्त मला या वर्गातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली.

हीच दृष्टी पहिल्या दिवशीच्या सत्रांतही होती. हेल्मेट, गॉगल आणि बूट यांच्यापासून सुरुवात न करता प्रशिक्षकांनी आधी धोका मुळातून काढता येतो का, कमी घातक पर्याय वापरता येतो का, यंत्रावर किंवा इमारतीत काही बदल करता येतो का, कामाची पद्धत आणि पाळ्या बदलता येतात का, असे क्रमाने विचारले. अंगावर घालायची साधने या क्रमात शेवटी आली. आवाजाचे उदाहरण घेऊन हे चांगले उलगडले. आपल्याकडील कारखाना नियमांत 8 तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबल ही मर्यादा आहे आणि आवाज 95 डेसिबल झाला की ती मुदत निम्मी, म्हणजे 4 तासांवर येते. प्रेसचा पाया सैल असेल, भंगार पत्र्याच्या पेटीत उंचावरून पडत असेल, तर इअरप्लग वाटण्याआधी ते दुरुस्त करावे, हे म्हणणे सर्वांना पटले. ऐकण्याची शक्ती हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, हे तिथे बसलेल्या जुन्या ऑपरेटरांना वेगळे सांगावे लागले नाही.

ग्राइंडरचे सत्र छोटे पण नेमके होते. टूल रेस्ट (घासायची वस्तू टेकवायचा आधार) आणि चाक यांमधील अंतर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, नवे चाक बसवण्यापूर्वी ते हलके ठोकून आवाज ऐकावा, चाकावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना हे तपासावे, आणि ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत, एवढ्या चार गोष्टी पक्क्या झाल्या. अग्निशामक यंत्र मात्र प्रत्येकाने प्रत्यक्ष चालवून पाहिले, ज्याची गरज होतीच. लहान सिलिंडर किती थोड्या सेकंदांत रिकामा होतो, हे हातात धरल्याशिवाय समजत नाही.

आता उणिवा. कायद्याचे सत्र जुने झाले आहे. संपूर्ण वेळ 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलमे वाचून दाखवण्यात गेला, वास्तविक व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. भोपाळच्या 1984 मधील वायुकांडानंतर 1987 साली जुन्या कायद्यात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण कसे आले, हा इतिहास सांगितला ते चांगलेच झाले, पण सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा सर्वसाधारण कारखान्यासाठी 1000 कामगारांवरून 500 वर आली आहे, हे सांगायला हवे होते. ही मर्यादा उतरली तरी पन्नास-साठ माणसांच्या प्रेस शॉपला स्वतंत्र सुरक्षा अधिकारी मिळणार नाही. तिथे ही जबाबदारी सुपरवायझरच्याच अंगावर येते, आणि म्हणूनच त्याला कायद्याची अद्ययावत माहिती देणे अधिक आवश्यक आहे.

दुसरी उणीव भाषेची आहे. शिकवणे मराठी आणि हिंदीत उत्तम चालते, पण हाती दिलेली पुस्तिका पूर्णपणे इंग्रजीत आहे. ज्या हेल्परसाठी ती छापली, तोच ती वाचू शकत नसेल, तर घरी गेल्यावर तिचा काय उपयोग? बिहार आणि ओडिशातून आलेले सहकारी वर्गात मन लावून ऐकत होते, त्यांच्यासाठी किमान हिंदी पुस्तिका आणि भरपूर चित्रे असायला हवीत. आरोग्याचा भागही तोकडा आहे. कूलंटमुळे (यंत्रकामात थंडावा देणाऱ्या द्रवामुळे) हाताच्या त्वचेवर होणारा दाह, वाकून वजन उचलल्याने जाणारी कंबर, अपुऱ्या उजेडातील रात्रपाळी यांना मिळून एका तासाहूनही कमी वेळ मिळाला. अपघात एका क्षणात दिसतो आणि आजार वर्षानुवर्षे साचत जातो, म्हणून दुसऱ्याला कमी वेळ देणे मला मान्य नाही.

शेवटची परीक्षा पर्याय निवडण्याची आहे आणि प्रमाणपत्र हजर राहिलेल्या प्रत्येकाला मिळते. इतके चांगले प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या संस्थेने प्रत्येकाकडून कुलूप लावण्याचा आणि सेफ्टी ब्लॉक ठेवण्याचा क्रम करवून घेऊन मगच प्रमाणपत्र द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शुल्क माझ्या मते वाजवी आहे. प्रेस, शिअरिंग (पत्रा कापणे) किंवा ग्राइंडिंगचे काम असलेल्या कारखान्यांनी आपली माणसे येथे जरूर पाठवावीत. रासायनिक कारखान्यांना किंवा टाकीत उतरून काम करणाऱ्यांना हा वर्ग पुरेसा नाही, त्यांनी स्वतंत्र प्रशिक्षण शोधावे. पाठवताना कंत्राटी कामगारांना वगळू नये, कारण डाय उचलण्याचे आणि भंगार काढण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते. शक्य असल्यास मालकाने किंवा उत्पादन प्रमुखानेही प्रेसच्या सत्राला बसावे, कारण गार्ड बसवण्याचा खर्च आणि ताशी किती नग काढायचे हा निर्णय त्यांच्याच हातात असतो. पुरेशी माणसे असतील तर संस्था कारखान्यात येऊन वर्ग घेते. नाव नोंदवताना आपल्याकडच्या प्रेसचा क्लच कोणत्या प्रकारचा आहे हे आधी कळवावे आणि हिंदी पुस्तिका मिळेल का, ते स्पष्ट विचारून घ्यावे.