बोअरच्या पाण्यासाठी घरगुती आरओ मशीन: वर्षभराच्या वापरानंतरचे मत

लातूर शहराच्या कडेला नळयोजना न पोचलेल्या ज्या वसाहती आहेत, तिथे बोअरच्या पाण्यावरच घर चालते. आमच्या बोअरचे पाणी दिसायला नितळ असले, तरी पातेल्याच्या तळाशी पांढरा खडबडीत थर धरायचा, आणि डाळमिलांच्या या गावात आमच्या घरची तूरडाळ मात्र कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी बोटाला टचटचीत लागायची. मशीन घेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना दिला, आणि तसे करावे असा माझा प्रत्येकाला आग्रह आहे. काठिण्य तर जास्त निघालेच, पण नायट्रेटही लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुढे होते. नायट्रेटला रंग, वास, चव नसते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ते कमी करते. आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. घरात बाळ येणार होते, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही.

मशीन आपले काम चोख करते, हे आधी सांगतो. आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस: पंपाच्या दाबाने पाणी मेंब्रेन नावाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलले जाते आणि क्षार पडद्याच्या अलीकडच्या बाजूलाच अडतात. हे मेंब्रेन १९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात घडवले आणि १९६५ मध्ये तिथल्याच कोअलिंगा या गावात जमिनीतले मचूळ पाणी त्याने पिण्याजोगे केले गेले. त्या संशोधनाचे फळ आज आमच्या ओट्याच्या वर भिंतीवर टांगलेले आहे. पहिल्या आठवड्यातच आई म्हणाली, "अरे, डाळ कशी एकजीव झाली बघ." मशीनच्या पाण्याची पुन्हा तपासणी केली, तेव्हा नायट्रेटही मर्यादेच्या बरेच खाली आलेले होते.

विक्रीच्या पद्धतीबद्दल मात्र मला तक्रार आहे. दुकानदाराने दोन ग्लासांत विजेच्या कांड्या सोडल्या. बोअरचे पाणी क्षणात तपकिरी, गढूळ झाले, मशीनचे तसेच स्वच्छ राहिले, आणि "बघा, तुम्ही काय पिता" असे तो म्हणाला. तो गाळ पाण्यातला नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाची कांडीच झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. चिमूटभर मीठ घातले तर मशीनचे पाणीही तसेच होईल. शास्त्राच्या नावाने भीती विकणे हा शास्त्राचा अपमान आहे. टीडीएस मीटरचेही तसेच: ते विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते, पण त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही.

याचा प्रत्यय पुढे आलाच. पाणी फिके लागते म्हणून सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने आतला छोटा नॉब फिरवून टीडीएस ७० वरून २०० च्या आसपास आणला. चव सुधारली, कारण त्या नॉबमधून मेंब्रेनला वळसा घालून बोअरचेच पाणी मिसळले जाते, आणि त्याबरोबर नायट्रेटही परत येते. तो नॉब मी पूर्ण बंद करून घेतला. तुमच्या पाण्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल, तर चवीसाठी त्याला हात लावू देऊ नका.

आता सर्वांत जड जाणारी गोष्ट. एक लिटर शुद्ध पाण्यामागे आमचे मशीन सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते आम्ही बादलीत धरून फरशी आणि संडाससाठी वापरतो. झाडांना रोज घातले तर मातीत क्षार साठतात. पण मे महिन्यात बोअर गचके देऊ लागला, की तीन लिटर टाकून एक लिटर मिळवणे जिवावर येते. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वॅगनमधून सुमारे ५ लाख लिटर आले. मेंब्रेन तेव्हाही दुकानात मिळत होते, पण कोरड्या टाकीपुढे त्याचा काय उपयोग? काळ्या पाषाणाच्या भेगांत किती पाणी उरले आहे हे भूजलतज्ज्ञ मोजून सांगू शकतात. किती उपसायचे आणि कोणते पीक घ्यायचे, हे गावाने आणि सरकारने ठरवायचे असते, आणि ते ठरत नाही तोवर कितीही भारी मशीन आणले तरी उन्हाळा चुकत नाही.

ज्यांच्या घरी मांजरा धरणाचे शुद्ध केलेले नळाचे पाणी येते, त्यांनी हे मशीन घेण्याआधी टीडीएस पाहावा. तो ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच दिले होते. अशा घरी जंतूंसाठी साधा यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर पुरतो आणि एक थेंबही वाया जात नाही. बोअरवाल्यांनी आधी नमुना द्यावा, अहवाल हातात घेऊन दुकानात जावे, आणि मेंब्रेन बदलायला माणूस आपल्या तालुक्यात मिळतो का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.