ओआरएसची पुडी: चवीला दोन तारे, कामाला पाच

मी चंद्रपूर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. मे महिन्यात डोक्यावर ४५ अंशांचं ऊन आणि पायाखाली वाफाळतं डांबर. खिशात कांदा ठेवून फिरणारे आमच्यात अजूनही आहेत. ठेवोत बापडे. माझं मत मेडिकलमधल्या वीस-पंचवीस रुपयांच्या ओआरएसच्या, म्हणजे मीठ-ग्लुकोजच्या पुडीला. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, एक लिटर पाण्याची.

आधी चव. पाकिटावर ऑरेंज लिहिलंय, पण जिभेला कळतं ते खारट-गोड असं काहीतरी. कोमट झालं की घशाखाली उतरत नाही. आमचा रोलरवाला त्याला ‘दवाखान्याचं सरबत’ म्हणतो. माठातल्या गार पाण्यात केलं तर मात्र तोच दुसरा ग्लास मागतो.

आता काम. शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं असतं. एरवी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकतात, पण हवाच अंगापेक्षा गरम झाली की तो उपाय संपतो. उरतो घाम, आणि तोही सुकला तरच गारवा. घामातून पाण्यासोबत मीठ, म्हणजे त्यातलं सोडियमही जातं. मग मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी अडवायला लावतो. दुपारी लघवी थोडी आणि गडद होते ती त्यामुळेच. रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल एवढंच असावं लागतं. दिवसभर घाम गाळून नुसत्या साध्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या, तर तहान भागते पण सोडियम खाली येऊ शकतं. मग डोकं दुखतं, मळमळतं.

पुडीत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. ग्लुकोज चवीपुरतं नाही. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. म्हणून माझा हट्ट: अख्खी पुडी, पाणी मोजून एक लिटर. एका ग्लासात सगळी पुडी ढवळणारे महाभाग पाहिलेत; एवढं घट्ट पाणी पोटात गेलं की उलट शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

खोक्यातली गोड पेयं याच नावानं खपायची. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं त्यांना नावात ओआरएस लावायला बंदी केली, बरं झालं.

एसीत बसणाऱ्यांनी पुडीच्या नादी लागू नये, त्यांना माठातलं पाणी पुरतं. बीपी, किडनी किंवा शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच प्यावं. आणि माणूस बरळायला लागला, अंग चटके बसतील इतकं तापलं, तर पुडी शोधत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. बेशुद्धाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

तक्रार एकच, पाकिटावरचं छापील. किती पाण्यात घालायचं हे इतक्या बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत, की मजुराला वाचणं शक्यच नाही. मी जारवर मार्करनं लिटरच्या रेघा मारून ठेवल्यात. एकट्यासाठी २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, ती मागून घ्या.